‘रेपर्टवार’ : एका शब्दाचा प्रवास आणि आपला ठेवा

संगीताच्या मैफलीचे वृत्त वाचताना, एखाद्या नाट्यसंस्थेची माहिती चाळताना किंवा परगावच्या गायकवृंदाची ओळख करून दिली जात असताना ‘रेपर्टवार’ हा शब्द अधूनमधून आपल्या कानांवर पडतो. शब्द फ्रेंच आहे, इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला आहे, आणि मराठीत त्याला एकच एक नेमका प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. ‘संग्रह’ म्हणावे, तर कपाटात मांडून ठेवलेल्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. ‘भांडार’ म्हणावे, तर कुलूप आणि किल्ली आठवते. आपल्याकडच्या जुन्या गवयांच्या बोलण्यात एक प्रयोग असे : अमक्याच्या ‘गाठी’ पुष्कळ चिजा आहेत. हा प्रयोग मूळ अर्थाच्या बराच जवळ जातो. रेपर्टवार म्हणजे एखाद्या कलावंताने, मंडळीने वा समाजाने आत्मसात करून ठेवलेल्या आणि आयत्या वेळी सादर करता येतील अशा कृतींचा साठा. पुस्तकात छापलेली, परंतु कोणालाच म्हणता येत नसलेली गाणी या साठ्यात मोडत नाहीत.

हा अर्थ शब्दाला पुष्कळ उशिरा लाभला. त्याचा आरंभ ना गाण्यात झाला ना नाटकात. तो झाला न्यायालयात आणि तोही पोरक्या मुलांच्या मालमत्तेच्या संदर्भात. हा प्रवास समजून घेतला, तर आज आपल्या धर्मग्रामांत गायल्या जाणाऱ्या आणि गायच्या थांबलेल्या गाण्यांकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी मिळते, असे आम्हांस वाटते.

पालकाची यादी

लॅटिन भाषेत ‘रेपेरिरे’ या क्रियापदाचा अर्थ ‘शोधून काढणे, सापडणे’ असा आहे. त्यावरून ‘रेपेर्तोरियुम’ हा शब्द घडला. जे काही हाती लागले, त्याची नोंद म्हणजे रेपेर्तोरियुम. तिसऱ्या शतकातील थोर रोमन विधिज्ञ उल्पियन याच्या लेखनात हा शब्द येतो. सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘डायजेस्ट’ या महान विधिसंग्रहात तो उतारा जतन झाला आहे. त्याचा आशय असा : आईबापांविना राहिलेल्या अज्ञान मुलाच्या मालमत्तेवर ज्याची पालक म्हणून नेमणूक होते, त्याने प्रथम त्या मालमत्तेची यादी करावी. लोक जिला सामान्यतः ‘इन्व्हेंतारियुम’ म्हणतात, तीच ही रेपेर्तोरियुम. जो पालक अशी यादी करणार नाही, त्याने कपटबुद्धीने वर्तन केले असे धरले जाईल. तसे न करण्यास खरोखर अपरिहार्य आणि न्याय्य कारण असेल, तरच त्याला सूट मिळेल. यादी होईपर्यंत, जराही थांबता येणार नाही अशी कामे सोडून, पालकाने मालमत्तेच्या कोणत्याही व्यवहारात हात घालू नये, असेही उल्पियन पुढे सांगतो.

या नियमामागील विचार मोठा सूक्ष्म आहे. पालकाने चोरी केली, असे कायदा म्हणत नाही. यादी केली नाही, एवढेच म्हणतो; आणि तेवढ्यावरच त्याला दोषी मानतो. कारण यादीच नसेल, तर मूल सज्ञान झाल्यावर आपले काय होते आणि काय हरवले, हे त्याला कधीच कळणार नाही. हरवल्याचे ज्ञानच ज्याला नाही, तो परत मागणार तरी काय?

मध्ययुगात या शब्दाने विद्वानांच्या अभ्यासिकेत प्रवेश केला. तेराव्या शतकातील बिशप गिल्यॉम द्युरां यांचे नाव उपासनेच्या अभ्यासकांना परिचित आहे. मंदिराची वास्तू, उपासनेची वस्त्रे आणि विधी यांचा अर्थ उलगडणारा त्यांचा ग्रंथ शतकानुशतके वाचला गेला. याच द्युरां यांनी धर्मविधानाच्या अभ्यासकांसाठी एक मार्गदर्शक सूचिग्रंथ रचला. त्याच्या नावात ‘रेपेर्तोरियुम’ हाच शब्द होता. कोणता विषय कोठे सापडेल, हे सांगणारी वही असा अर्थ आता त्यास आला. पुढे ग्रंथपालांनी आणि संशोधकांनी तो उचलला. फ्रान्समधील एक धर्मगुरू उलिस शव्हालिए यांनी पाश्चात्त्य ख्रिस्तसभेतील लॅटिन स्तोत्रांची सूची करण्याचे काम हाती घेतले. ‘रेपेर्तोरियुम हिम्नोलोगिकुम’ या नावाने तिचे खंड १८९२ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि ते काम जवळजवळ तीन दशके चालले. तीत चाळीस हजारांहून अधिक नोंदी आहेत. एवढी स्तोत्रे ख्रिस्तसभेने कोठे ना कोठे, कधी ना कधी गायिली होती. त्यांपैकी आज किती जणांच्या ओठी आहेत, हा प्रश्न त्या भव्य सूचीपुढे उभे राहताच मनात येतो.

रंगभूमीवर पदार्पण

शब्दाला आजचा अर्थ दिला तो फ्रेंच रंगभूमीने. मोलियेरच्या नाटकमंडळीत १६५९ साली ला ग्रांज नावाचा नट दाखल झाला. त्या दिवसापासून १६८५ पर्यंत त्याने एक नोंदवही ठेवली. आज कोणते नाटक केले, गल्ला किती जमला, कोणाच्या वाट्यास किती आले, अशा त्या साध्या नोंदी आहेत. मोलियेर १६७३ मध्ये वारला. १६८० मध्ये राजा चौदाव्या लुईच्या आज्ञेने पॅरिसमधील मंडळ्या एकत्र करण्यात आल्या आणि ‘कॉमेदी फ्रांसेज’ ही संस्था जन्मास आली. ती आजही चालू आहे. एक नाटक पडेपर्यंत करायचे आणि मग दुसरे बसवायचे, अशी तिची रीत नव्हती. अनेक नाटके नटांच्या तयारीत असत आणि ती आलटून पालटून होत. तयार नाटकांच्या या यादीला ‘रेपेर्त्वार’ म्हणू लागले. आणि हळूहळू यादीचे नाव त्या नाटकांनाच मिळाले. एखादे नाटक तेथे ‘रेपेर्त्वारमध्ये दाखल होणे’ हा आजही नाटककाराचा मोठा बहुमान समजला जातो.

शब्दाच्या इतिहासातील हे वळण आपण नीट ध्यानात घेतले पाहिजे. तोवर रेपर्टवार कागदावर होता; येथे तो माणसांत आला. इंग्रजीनेही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो याच अर्थाने स्वीकारला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाने १९६४ मध्ये आपले व्यावसायिक पथक स्थापन केले, तेव्हा त्याच्या नावात ‘रेपर्टरी’ हाच शब्द घातला. परंतु शब्द नसला तरी ही प्रथा आपल्या मराठी संगीत रंगभूमीला अपरिचित नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. त्यानंतरच्या नाटकमंडळ्या अनेक खेळ बरोबर घेऊनच गावोगाव फिरत. आपल्या भूमिकेच्या संवादांना नटमंडळी ‘नक्कल’ म्हणत आणि नक्कल पाठ असणे ही नटाची पहिली पात्रता मानली जाई. मंडळीचे खरे भांडवल सामानाच्या पेटाऱ्यांत नसे, ते नटांच्या मुखी असे.

कंठस्थ संपत्ती

ख्रिस्तसभेच्या गायनाचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. सातव्या शतकात सेव्हिलचे संत इसिदोर यांनी नोंदवून ठेवले आहे, की स्वर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर ते नष्ट होतात, कारण ते लिहून ठेवता येत नाहीत. त्या काळी युरोपातील मठांत वर्षभराच्या उपासनेची सारी गाणी साधू पाठ करीत. शब्द पोथीत असत. चाल मात्र गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाई. पुढे नवव्या-दहाव्या शतकांत शब्दांवर बारीक खुणा घालण्याची पद्धत आली. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलच्या मठात अशा खुणांची दहाव्या शतकातील हस्तलिखिते आजही आहेत. पण त्या खुणा आधीच चाल ठाऊक असलेल्यालाच उपयोगी पडत. आवाज वर जातो की खाली, हे त्या सांगत. किती वर आणि किती खाली, हे सांगत नसत. नवख्यापुढे त्या मुक्याच राहत.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात गीदो दारेझ्झो या बेनेडिक्टाइन साधूने ही अडचण दूर केली. रेषांवर स्वर मांडण्याच्या पद्धतीस त्याने निश्चित रूप दिले. संत योहान बाप्तिस्ता याच्या गौरवार्थ असलेल्या एका लॅटिन स्तोत्रातील ओळींच्या आरंभीची अक्षरे घेऊन त्याने उत्, रे, मी, फा, सोल, ला ही स्वरनामे दिली. दहा वर्षे घालवूनही गायक अपुरा राहत असे, तो या पद्धतीने एका, फार तर दोन वर्षांत तयार होतो, असे गीदोने लिहिले आहे. पोप एकोणिसावे योहान यांनी त्याला रोमला बोलावून घेतले. पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ त्यांनी स्वतः त्याच्या वहीवरून गाऊन पाहिली, मगच ते उठले, असेही तो सांगतो. न ऐकलेले गाणे गाता येणे, ही त्या काळी चमत्कारासारखीच गोष्ट होती. वृद्ध गायक निवर्तला तरी त्याचे गाणे आता मागे राहणार होते.

तथापि कागदावर उतरलेले गाणे सुरक्षित झाले, असे मात्र नव्हे. रेपर्टवार दोन प्रकारे आटतो. एक, अधिकाऱ्यांच्या छाटणीने; दुसरा, लोकांच्या विसराळूपणाने. मध्ययुगात मिस्साबलिदानात गावयाची ‘सिक्वेन्स’ नावाची पदे हजारोंनी रचली गेली होती. त्रेंतच्या परिषदेनंतर पोप पाचवे पायस यांनी १५७० मध्ये जे मिस्साग्रंथ प्रसिद्ध केले, त्यात त्यांपैकी केवळ चार ठेवली गेली. दुःखी मातेचे ‘स्ताबात माते’र हे पाचवे पद १७२७ मध्ये त्यांत आले. मृतांसाठीच्या मिस्सातील ‘दिएस इरे’ हे पद दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या नव्या विधीतून वगळले गेले. या छाटणीमागे कारणे होती आणि ती विचारपूर्वक केलेली होती. म्हणूनच काय गेले, हे आपल्याला सांगता येते. विसराळूपणाने जे जाते, त्याचा असा हिशोब राहत नाही.

तो हिशोब पुन्हा मांडण्यास किती कष्ट पडतात, हे फ्रान्समधील सोलेम येथील मठाच्या उदाहरणावरून दिसते. दों गेरांजे यांनी १८३३ मध्ये त्या मठाचे पुनरुज्जीवन केले. तोवर ग्रेगोरियन गायन शतकांच्या काटछाटीमुळे विद्रूप झाले होते. तेथील साधूंनी युरोपभरच्या जुन्या हस्तलिखितांची एकमेकांशी तुलना करून मूळ चाली शोधण्याचे काम आरंभिले. दों पोतिए यांचा गायनग्रंथ १८८३ मध्ये निघाला. दों मोक्रो यांनी १८८९ पासून हस्तलिखितांच्या छायाचित्रांची ग्रंथमाला सुरू केली. पोप दहावे पायस यांनी १९०३ मध्ये धर्मसंगीतावरील आपले आज्ञापत्र काढले आणि १९०८ मध्ये अधिकृत गायनग्रंथ प्रसिद्ध झाला. एका गाण्याच्या परंपरेस पुन्हा बोलती करण्यासाठी साधूंच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. तेही शक्य झाले ते हस्तलिखिते उरली होती म्हणून.

आपल्या मातीतील साक्ष

आपल्याकडची साक्ष याच्या उलट दिशेने बोलते. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषेच्या विरोधात हुकूम काढला. नंतरच्या काळात या पुराणाचे पुन्हा मुद्रण झाले नाही. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ वाचला. तो गायिला जात होता आणि हाताने उतरवून घेतला जात होता, म्हणून वाचला. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी त्याच्या प्रती जपल्या. अशा प्रतींच्या आधारे १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला त्याची आवृत्ती काढली. छापखान्याचे काम नाहीसे झाले. भक्तांच्या गळ्याने आणि बोरूने ते राखले.

गळ्याला वहीची जोड हवी, हे आपल्या देशात पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ओळखले. हिंदुस्थानी गायकीतील बंदिशी घराण्यांची मिळकत समजल्या जात. काही उस्ताद खास चिजा मुलाला वा एखाद्या शिष्यालाच देत. तो न लाभल्यास चीज त्यांच्याबरोबरच जाई. भातखंड्यांनी देशभर हिंडून, उस्तादांच्या मनधरण्या करून अशा बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. पुस्तकातली चीज म्हणजे गाणे नव्हे, अशी टीका त्यांच्यावर झाली. ती अगदीच खोटी नव्हे. पण पुस्तकात आल्या नसत्या, तर त्यांतील कितीतरी बंदिशींची नावेही आज कोणी घेतली नसती.

गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांनी तर ही जोड मुलांच्या लहानपणीच घालून दिली. मंदिरातील गायनासाठी मुले स्वरलेखन वाचण्यास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकली. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदांचा काळ आला, तेव्हा हीच विद्या पुष्कळ गोमंतकीय वादकांच्या उपजीविकेचे साधन झाली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतील एक ठळक नाव. जी शिदोरी उपासनेसाठी बांधली होती, ती संसाराच्या वाटेवरही पुरली.

बोलीही रेपर्टवारच

या शब्दाचा आणखी एक उपयोग आपल्याला जवळचा आहे. भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांनी १९६४ मध्ये ‘भाषिक रेपर्टवार’ ही कल्पना मांडली. कोणत्याही समाजाजवळ एकच भाषा नसते. बोलींचा, भाषांचा आणि बोलण्याच्या रीतींचा एक साठा असतो आणि प्रसंग पाहून माणूस त्यातून निवड करतो, हे त्यांचे म्हणणे. याच गम्पर्झ यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह सांगलीजवळच्या कुपवाड गावचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली. प्रत्येकाने घरात आपली भाषा राखली. मात्र तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतील वाक्य दुसरीत नेताना पुष्कळदा केवळ शब्द बदलले तरी भागावे.

आपली कुटुंबे या कल्पनेचे चालते-बोलते उदाहरण आहेत. घरी सामवेदी, वाडवळी, ईस्ट इंडियन बोली वा कोकणी. मंदिरात प्रमाण मराठी. शाळेत व कचेरीत इंग्रजी. आणि जुन्या पिढीच्या ओठी लॅटिन प्रार्थनांचे उरलेसुरले तुकडे. हे ओझे नव्हे, ही श्रीमंती आहे. परंतु लग्नातील गाणी, जोजवण्या, म्हणी हे सारे बोलीच्या खुंटीला टांगलेले असते. नातवंडांना आजीची बोली समजेनाशी झाली, की खुंटीसकट सारे खाली येते.

यादी कोणी करावी?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. ग्रेगोरियन गायनाला त्याने मानाचे स्थान दिले. धर्मसंगीताचा ठेवा कसोशीने जतन करावा आणि वाढवावा, गायकवृंदांस उत्तेजन द्यावे, असे सांगितले. आणि ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला योग्य तो मान द्यावा, असेही बजावले. म्हणजे जुने टाका असे परिषद म्हणाली नाही आणि परके तेवढेच जपा असेही म्हणाली नाही. मराठी उपासनेमुळे आपल्या भाषेत नवी भक्तिगीते बहरली, हा त्याचा गोड परिणाम होय. त्याबरोबर जुने किती मागे पडले, याची यादी मात्र आपण फारशी केलेली नाही.

जुन्या मराठी पदसंग्रहांत पदावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचा निर्देश असतो. छापणाऱ्याने गृहीत धरले होते, की ते दुसरे गाणे सर्वांना ठाऊकच आहे. ते दुसरे गाणे विस्मृतीत गेले, की शब्द धडधाकट राहूनही पद मुके होते. सेंट गॅलच्या खुणांचीच ही गोष्ट, आपल्या घरातली.

ऑस्ट्रेलियातील ‘रीजंट हनीईटर’ या पक्ष्याविषयीचे एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पक्ष्यांची संख्या आता काही शेकड्यांवर आली आहे. नर पिले आपले गाणे मोठ्या नरांकडून ऐकून शिकतात; पण ऐकावे असे मोठे नर आता आसपास सापडत नाहीत. परिणामी पाहणीतील सुमारे बारा टक्के नर आपल्या जातीचे गाणे गातच नव्हते. ते इतर पक्ष्यांची गाणी म्हणत होते. गळा शाबूत होता, गाण्याची इच्छाही होती. शिकवणारे तेवढे उरले नव्हते. आपल्या तरुणांना दोष देण्यापूर्वी हे उदाहरण आपण आठवावे. जे कोणी कधी ऐकवलेच नाही, ते मुलांनी गावे कसे?

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामाने एक वही घालावी, असे आम्ही सुचवितो. तीत मंदिरातील गाण्यांबरोबर लग्नघरची, शेतावरची, पाळण्याची गाणीही असावीत. कोणते गाणे कोणाला येते, त्याची चाल कोणती, ते कोणाकडून शिकले आणि कोणत्या प्रसंगी गायिले जाई, एवढे चार रकाने पुरेत. आज ध्वनिमुद्रण प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर होते. त्यासाठी वेगळा खर्च नाही. पण वही भरली की काम संपले, असे मानू नये. शव्हालिए यांच्या सूचीतील बहुतेक स्तोत्रे सूचीतच राहिली आहेत. प्रत्येक सणाला वहीतील एक तरी गाणे मुलांच्या तोंडी जावे. तरच ती यादी रेपर्टवार होईल.

उल्पियनच्या नियमात सवलत होती ती खरोखर न्याय्य कारण असलेल्या पालकाला. आपल्या मुलांच्या वतीने या ठेव्याचे पालक आज आपण आहोत. ज्यांच्याकडून यादी घ्यावयाची, त्यांपैकी पुष्कळजण अजून आपल्यात आहेत, संध्याकाळी ओटीवर बसलेले असतात आणि विचारले तर आनंदाने सांगतील. अशा स्थितीत, यादी का केली नाही, असे उद्या मुलांनी विचारले, तर न्याय्य म्हणता येईल असे कारण आपल्यापाशी आहे काय?